हौशी डिझाइनसाठी परवडणारे सॉफ्टवेअर निवडताना: मराठी अक्षरांपासून छपाईपर्यंत

गणपतीचे निमंत्रण, फराळाच्या डब्यावरचे लेबल, सोसायटीच्या हळदीकुंकवाचा फलक, मुलांच्या किल्ला स्पर्धेची प्रशस्तिपत्रके. अशी कामे हौसेने करायला घेतली की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो. विचारले की बहुतेक जण फोटोशॉप नाहीतर कोरल ड्रॉ असे सांगतात. दोन्ही उत्तमच आहेत, पण वर्षातून पाच-सहा कामे करणाऱ्याने त्यांच्यासाठी पैसे भरावेत असे मला वाटत नाही. फुकट मिळणारी साधने आज हौशी कामाला पुरून उरतात. फक्त दोन गोष्टी आधी तपासायच्या: त्यात मराठी अक्षरे नीट उमटतात का, आणि त्यातून निघालेली फाइल छापखान्यात चालते का. परदेशी परीक्षणांत या दोन्हींचा उल्लेखही नसतो, म्हणून इथे त्यांच्यावरच जास्त भर दिला आहे.

सॉफ्टवेअर उतरवण्याआधी मापे लिहा

कागद-पेन घ्या आणि काय बनवायचे आहे, ते शेवटी कुठे दिसणार आहे आणि त्याचे माप काय, एवढे लिहा. निम्मी निवड इथेच होते.

फक्त मोबाइलवर पाठवायचे असेल तर १०८० बाय १३५० पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्यांचे, चित्र पुरते. व्हॉट्सॲप स्टेटससाठी उभे १०८० बाय १९२० घ्या. कागदावर छापायचे असेल तर इंचाला ३०० ठिपके हा हिशेब धरतात. त्यानुसार ए-फोर कागद म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि ५ बाय ७ इंचाची पत्रिका १५०० बाय २१०० पिक्सेल. मोबाइलसाठी केलेले निमंत्रण तसेच ए-फोरवर छापले की अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

फ्लेक्सचे गणित वेगळे. तो फुटांत मोजतात आणि लोक तो लांबून पाहतात, त्यामुळे इंचाला ७२ ठिपकेही चालतात. ६ बाय ४ फुटांचा फलक म्हणजे ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल. इथे ३०० चा हट्ट धरलात तर फाइल प्रचंड होईल, संगणक अडखळेल आणि फलकात डोळ्यांना काही फरक दिसणार नाही.

मापांवरून संगणकाचाही अंदाज येतो. ए-फोर आकाराचा, ३०० ठिपक्यांचा एक लेअर, म्हणजे चित्रातला एकावर एक ठेवलेला थर, मेमरीत सुमारे ३५ एमबी जागा घेतो. दहा लेअर झाले की ३५० एमबी, शिवाय केलेले बदल मागे घेता यावेत म्हणून सॉफ्टवेअर जुन्या प्रती धरून ठेवते ते वेगळे. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पत्रिका, लेबले सहज होतात. वीस-पंचवीस लेअरचे पोस्टर मात्र त्याला जड जाईल.

ठिपक्यांचे काम की रेषांचे

दुसरी गोष्ट समजून घ्यायची ती रास्टर आणि व्हेक्टर यांतल्या फरकाची. फोटो हा ठिपक्यांचा बनलेला असतो, ते रास्टर. मोठा केला की ठिपके दिसू लागतात. व्हेक्टरमध्ये आकार गणिताने साठवलेला असतो, त्यामुळे तेच बोधचिन्ह व्हिजिटिंग कार्डावरही धारदार दिसते आणि दहा फुटी फलकावरही.

फोटो उजळणे, मागची पार्श्वभूमी काढणे, आजोबांच्या जुन्या फोटोवरचे डाग पुसणे ही रास्टरची कामे. लेबल, पत्रिका, बोधचिन्ह, टी-शर्टवरचा मजकूर, गाडीवरचे रेडियम ही व्हेक्टरची. नवशिक्यांची सर्वांत जास्त ओढाताण होते ती फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी पत्रिका करायला घेतल्यामुळे. माझा सल्ला असा की दोन्ही जातींचे एकेक साधन ठेवा. दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे खिशाला भार नाही.

मराठीची परीक्षा

कोणतेही सॉफ्टवेअर पसंत करण्याआधी त्यात हे वाक्य टाका:

कुऱ्हाडीने दऱ्यांतली झाडे तोडू नका, अशी विनंती विद्यार्थ्यांनी ॲपवर हृदयापासून केली.

आता एकेक अक्षर पाहा. 'कुऱ्हाडीने' आणि 'दऱ्यांतली' या शब्दांत अर्धा र पापणीसारखा आडवा दिसला पाहिजे. त्याच्या जागी रफार आला किंवा नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) सुटा पडला तर तिथेच थांबा. 'विनंती'मधली पहिली वेलांटी व-च्या डावीकडे हवी. 'विद्यार्थ्यांनी'मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात, ते एकमेकांवर चढता कामा नयेत. 'ॲ' हे अक्षर जुन्या फॉन्टमध्ये नसते, तिथे रिकामी चौकट दिसते. 'हृ' आणि 'द्या' पाय मोडून सुटे दिसले तर सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नाही असे समजा.

सॉफ्टवेअर आणि फॉन्ट यांतला दोष कोणाचा हे ओळखायला एक सोपा उपाय आहे. फॉन्ट बदलून तेच वाक्य पुन्हा पाहा. चांगल्या फॉन्टमध्येही मोडले तर दोष सॉफ्टवेअरचा.

या परीक्षेत फोटोंचे गिम्प आणि व्हेक्टरचे इंकस्केप ही दोन्ही फुकट साधने पक्की उतरतात. अक्षरजुळणीसाठी ती पँगो आणि हार्फबझ ही मुक्त साधने वापरतात आणि त्यांना भारतीय लिप्या उत्तम येतात. विशेष म्हणजे महागडी सॉफ्टवेअरे इथे बराच काळ मागे होती. फोटोशॉपच्या अनेक आवृत्त्यांत प्रेफरन्समध्ये जाऊन अक्षरांचे इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असे बदलावे लागे. ते केले नाही तर मराठी वाक्याच्या चिंध्या होत.

फॉन्ट निवडताना ल आणि श नीट पाहा. २००९ च्या शासननिर्णयातल्या प्रमाण वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, आणि आपले डोळे त्यांनाच सरावले आहेत. अनेक देवनागरी फॉन्ट मूळ हिंदी वळणाचे असतात. पत्रिकेवर हिंदी वळणाचा ल आला तर वाचणाऱ्याला काहीतरी परके वाटते, कारण सांगता आले नाही तरी. गिम्पमध्ये मजकुराच्या पर्यायांत भाषा निवडता येते. तिथे मराठी निवडल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणे आपोआप येतात. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे, आणि लांब मजकुराला तो फार शोभतो.

गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारे आणखी काही: मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बालू आणि मोदक. मुक्ता पत्ते, वेळा, घटकपदार्थ अशा बारीक मजकुरासाठी, कारण त्यात पातळ ते जाड अशी सात वजने आहेत. बालू गोलसर आणि प्रेमळ, लहान मुलांच्या कार्यक्रमाला छान. मोदक इतका जाड आहे की तो दोन-तीन शब्दांच्या मथळ्यापुरताच वापरावा. यांचा परवाना मुक्त असल्याने विक्रीच्या लेबलावरही ते चालतात.

मराठी अक्षरांना दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, अक्षरांमधले अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात ते देखणे दिसते, मराठीत शिरोरेखा तुटते. जागा भरायची असेल तर आकार वाढवा किंवा जाड वजन घ्या. दोन, ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका. वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार यांना जागा लागते, म्हणून ओळी थोड्या सैलच ठेवा.

तिसरी अडचण प्रत्येकाला कधी ना कधी येतेच. मराठी मथळ्याला रंगीत बॉर्डर दिली की अक्षरे जिथे जुळतात तिथे शिरोरेखेवर उभ्या चिरा दिसतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येते आणि बॉर्डर त्या प्रत्येक तुकड्याला लागते. इंकस्केपमध्ये याला दोन उपाय आहेत. 'फिल अँड स्ट्रोक'मध्ये बॉर्डर रंगाच्या मागे जाईल असा क्रम निवडा, चिरा झाकल्या जातात. किंवा अक्षरांचे पाथ करून, म्हणजे टाइप केलेला मजकूर साध्या आकारांत बदलून, ते 'युनियन'ने एकसंध करा. रेडियम कापून घ्यायचे असेल तर हा दुसराच मार्ग लागतो, नाहीतर मशीनचे पाते प्रत्येक जोडावर चीर पाडते.

जुन्या मजकुराचे काय? मंडळाच्या संगणकात गेल्या काही वर्षांच्या फाइली असतील तर त्या श्रीलिपीसारख्या पद्धतीने टाइप केलेल्या असण्याची शक्यता मोठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर मराठी छपाईच्या कितीतरी पिढ्या घडल्या. पण त्या जुन्या फॉन्टची सांकेतिक रचना युनिकोडहून, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणाऱ्या पद्धतीहून, वेगळी आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. नवे काम सुरू करताना मजकूर युनिकोडमध्येच पुन्हा टाइप करा. मोबाइलवर बोटे सरावली असतील तर तिथे लिहून स्वतःला मेल करा आणि संगणकावर चिकटवा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, फोनेटिकही आहे.

आता सॉफ्टवेअर

नवशिक्याने सुरुवात फोटोपीपासून करावी, कारण तिथे काहीच उतरवावे लागत नाही. ते ब्राउझरमध्ये उघडते. दिसायला आणि वापरायला फोटोशॉपच्या इतके जवळ आहे की फोटोशॉपचे धडे पाहून यात काम करता येते. इव्हान कुट्स्किर या एका प्रोग्रामरने ते उभे केले आहे. फोटोशॉपची पीएसडी फाइल ते चांगली उघडते. तुमची चित्रे त्यांच्या सर्व्हरवर जात नाहीत, सगळे काम तुमच्याच संगणकावर होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाजूला जाहिराती दिसतात, त्या नको असतील तर पैसे भरायचे. मराठीसाठी मुक्ता फॉन्टची फाइल त्यात स्वतः चढवा आणि मग वरचे वाक्य टाकून पाहा.

गिम्प हे फोटोंसाठी कायमचे साधन म्हणून घरात असावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केले आणि १९९६ मध्ये ते लोकांना खुले झाले. तेव्हापासून स्वयंसेवक ते सांभाळत आले आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने एक जुनी उणीव भरून काढली: आता फिल्टर लावला तरी तो नंतर बदलता किंवा काढता येतो, मूळ चित्र तसेच राहते. डाग पुसायला 'हील' आणि 'क्लोन', उजेड सुधारायला 'लेव्हल्स' आणि 'कर्व्ह्ज', पार्श्वभूमी काढायला 'फोरग्राउंड सिलेक्ट'. हौशी माणसाला फोटोत याहून जास्त क्वचितच लागते. पहिले काही दिवस मेनू अनोळखी वाटतील, तेवढा धीर ठेवा.

इंकस्केप माझ्या मते मराठी हौशी डिझाइनरचे खरे घर. २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या प्रकल्पातून ते फुटून निघाले. पत्रिका, लेबल, फलक, बोधचिन्ह, रेडियम सगळे यात होते. छापखान्याकडून आलेली कोरलची सीडीआर फाइलही ते बऱ्याचदा उघडते, मात्र आतला मजकूर आणि रंग हलतात, म्हणून ती फक्त पाहण्यापुरती धरा. रंगांच्या बाबतीत त्याची एक मर्यादा आहे, ती छपाईच्या भागात सांगतो.

हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी कृता. टॅब्लेट पेन असेल तर वारली, व्यंगचित्र, रंगवलेले मुखपृष्ठ यांसाठी याच्या तोडीचे फुकट साधन मला दुसरे माहीत नाही. त्यातल्या 'मल्टिब्रश'मध्ये एक रेष ओढली की ती केंद्राभोवती आठ-दहा वेळा आपोआप उमटते, रांगोळीच्या नक्षीला यापेक्षा सोपे काय हवे. मात्र पानभर मराठी मजकूर यात लिहू नका, चित्र काढून इंकस्केपमध्ये न्या. आणि एक: मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर आणि स्टीमवर कृताला पैसे पडतात, त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते फुकट आहे. स्टोअरमधले पैसे प्रकल्पाला जातात, म्हणून देणगी द्यायचीच असेल तर तो मार्ग वाईट नाही.

कॅनव्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आज संध्याकाळी निमंत्रण पाठवायचे आहे आणि शिकायला वेळ नाही, अशा वेळी ते वापरा. तयार नमुने असतात, शब्द बदलले की झाले. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एका बटणात मागचा भाग काढणे, छपाईच्या रंगांतली पीडीएफ या सोयी मात्र पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव आहेत. इंटरनेट गेले की काम थांबते. शिवाय तयार नमुन्यातले चित्र बोधचिन्ह म्हणून घेऊ नका, तेच चित्र आणखी हजारो लोकांकडे असते आणि ते तुमचे म्हणून नोंदवता येत नाही.

ॲफिनिटीबद्दल हल्ली खूप विचारणा होते. हे मूळ ब्रिटिश कंपनीचे, पूर्वी एकदाच पैसे देऊन घ्यावे लागणारे नावाजलेले सॉफ्टवेअर. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाचे खाते असले की ते फुकट मिळते. फोटो, व्हेक्टर आणि पानांची मांडणी एकाच ठिकाणी, छपाईच्या रंगांसह. पण त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे जुळत नसत. म्हणून कुऱ्हाडीचे वाक्य त्यात स्वतः टाकून पाहिल्याशिवाय कुठलेही मराठी काम त्यात सुरू करू नका. मजकूर इंग्रजी असेल किंवा फक्त चित्र करायचे असेल तर जरूर घ्या.

फक्त मोबाइलच असेल तर? फोटो सुधारायला गूगलचे स्नॅपसीड फुकट आहे, जाहिरातींशिवाय. फलक करायला पिक्सेललॅब आपल्याकडे गावोगाव वापरतात, आणि त्यात स्वतःचा फॉन्ट टाकता येतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांना ते पुरते. छापायचे काम असेल तर मात्र एखाद्या मित्राचा लॅपटॉप मागून घ्या.

पैसे द्यावेत का

ॲडोबीने २०१३ पासून आपली मुख्य सॉफ्टवेअरे भाड्याने देण्याचा मार्ग धरला. पैसे भरणे थांबवले की सॉफ्टवेअर बंद. घेण्याआधी करार नीट वाचा. दरमहा हप्ता दिसतो, पण तो वर्षभराचा करार असू शकतो, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा काही भाग भरावा लागतो. याच अटीवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या शिफारशीने तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला. पुढे नोकरी म्हणून हे काम करायचे असेल, जाहिरात संस्थेत जायचे असेल, तर फोटोशॉप आणि कोरल शिकावेच लागेल, आणि तेव्हा त्या पैशांचे चीज होईल. हौसेसाठी घाई नको.

क्रॅक केलेली प्रत कोणी पेन ड्राइव्हवर देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. चोरीचा मुद्दा आहेच, पण अशा प्रतींसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही येतात, आणि त्याच संगणकावर तुमची बँक असते. फुकट सॉफ्टवेअरही मूळ संकेतस्थळावरूनच घ्या: गिम्प डॉट ओआरजी, इंकस्केप डॉट ओआरजी, कृता डॉट ओआरजी (krita.org). शोधात सर्वांत वर जाहिरात म्हणून दिसणाऱ्या दुव्यावर टिचकी मारू नका. गिम्पच्या नावाने अशी खोटी जाहिरात २०२२ मध्ये सापडली होती.

एक लेबल करून पाहा

निवड खरी होते ती हातात काम घेतल्यावर. चकलीच्या डब्यासाठी ९० बाय ६० मिलिमीटरचे लेबल इंकस्केपमध्ये करू.

नवी फाइल उघडा आणि शिफ्ट, कंट्रोल आणि डी दाबून पानाचे गुणधर्म उघडा. एकक मिलिमीटर करा आणि पान ९६ बाय ६६ चे घ्या. चारही बाजूंना वाढवलेले ३ मिलिमीटर म्हणजे ब्लीड. कापताना पाते जरासे सरकले तरी पांढरी कड दिसू नये म्हणून ते ठेवतात.

कडेच्या पट्ट्यांवरून मार्गदर्शक रेषा ओढा. रेषेवर दोनदा टिचकी मारली की अचूक माप टाकता येते. कडेपासून ३ मिलिमीटरवर पहिला संच, तिथे लेबल कापले जाणार. ६ मिलिमीटरवर दुसरा, सगळा मजकूर त्याच्या आत.

मागचा रंगीत चौकोन पूर्ण ९६ बाय ६६ चा काढा, कापण्याच्या रेषेपाशी थांबवू नका. चकलीचा फोटो आधी गिम्पमध्ये उजळून, पार्श्वभूमी काढून पीएनजी म्हणून साठवा. मग कंट्रोल आणि आय दाबून तो इथे आणा. 'एम्बेड' की 'लिंक' असे विचारले जाईल, तिथे एम्बेड निवडा. लिंक ठेवली तर फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताच लेबलावर त्याची जागा रिकामी होते.

नाव बालूमध्ये मोठे, बाकी सगळे मुक्तामध्ये. दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत. विक्रीसाठी लेबल असेल तर सजावटीआधी या गोष्टींची जागा राखा: पदार्थाचे नाव, घटकपदार्थ, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, तुमचे नाव-पत्ता, शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक. घरगुती व्यवसायालाही ही नोंदणी लागते. तारखेची जागा कोरी आणि फिकट ठेवा, म्हणजे दर खेपेला पेनाने किंवा शिक्क्याने भरता येते.

फाइल आधी एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारात साठवा, हीच तुमची मूळ प्रत. मग पीडीएफ म्हणून दुसरी प्रत काढा. तेव्हा उघडणाऱ्या चौकटीत अक्षरांचे पाथ करण्याचा पर्याय असतो, तो निवडा. अशाने मूळ फाइलमधला मजकूर पुढे बदलता येतो आणि छापखान्याला जाणाऱ्या प्रतीत फॉन्टची भानगड उरत नाही.

चित्रे कुठून आणायची

शोधयंत्रात दिसलेले चित्र उचलू नका. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. पारंपरिक कामासाठी राजा रविवर्मा यांची चित्रे म्हणजे खजिना आहे. भारतात स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची लक्ष्मी-सरस्वती निमंत्रणावर मोकळेपणाने वापरता येते. हयात छायाचित्रकाराने काढलेला मंडळाच्या मूर्तीचा फोटो मात्र विचारूनच घ्या आणि कोपऱ्यात त्याचे नाव द्या.

छापखान्यात जाताना

आपल्याकडचे बहुतेक डीटीपीवाले आणि फ्लेक्सवाले कोरलवर काम करतात, त्यातही अनेकांकडे जुनी आवृत्ती असते. त्यात युनिकोड मराठी मजकूर उघडला की मोडतो. म्हणून ते म्हणतात, "फॉन्ट कर्व्ह करून आणा." आपण पीडीएफ काढताना अक्षरांचे पाथ केले ते याचसाठी. काम द्यायच्या आधी फोनवर एवढे विचारा: पीडीएफ चालेल का, ब्लीड किती हवे, फलकाची फाइल पूर्ण मापाची हवी की लहान प्रमाणातली.

लेबले बहुधा १२ बाय १८ इंचाच्या स्टिकर कागदावर छापतात. ब्लीड धरून आपले ९६ बाय ६६ चे लेबल आडव्या ओळीत ३ आणि उभ्यात ६, म्हणजे एका कागदावर १८ बसतात. दर कागदाचा असतो, लेबलाचा नाही. त्यामुळे माप ठरवतानाच हा हिशेब केला तर दोन मिलिमीटर कमी-जास्त करून कागद वाया जाण्याचे टळते.

आता रंग. पडदा प्रकाशातून रंग दाखवतो, छपाई शाईतून. पडद्यावरचा लखलखीत पोपटी आणि गडद निळा कागदावर मंदावतो, निळा तर जांभळटही दिसतो. केशरी बऱ्यापैकी टिकतो, पण चमक कमी होते. इंकस्केप पडद्याच्या रंगांतच काम करते आणि रंगांचे रूपांतर छापखान्यात होते. लेबल, पत्रिका, फलक यांना ते चालून जाते. एखादा रंग अगदी तोच हवा असेल तर पानांची मांडणी करणारे स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर छपाईच्या चार शाईंची पीडीएफ काढून देते. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरे मात्र टाळा, शाई थोडी पसरली तरी अनुस्वार बुजतात.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती दाबून लहान होते आणि छपाईत धूसर येते.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी एक कागद छापून घ्या, त्यातले एक लेबल कापून खऱ्या डब्यावर चिकटवा. मजकूर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, कारण आपण स्वतः लिहिलेल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. रंग ट्यूबलाइटखाली आणि दिवसाच्या उजेडात असे दोन्हीकडे पाहा, आणि पसंत पडल्यावरच उरलेल्या प्रती सांगा.